आगबोटीतली आग: मॉरेटेनिया २० वर्षं सगळ्यांच्या पुढे कशी राहिली

आमच्या आजोळी जुनी माणसं मोठ्या जहाजाला आगबोट म्हणायची. माझे मामा मर्चंट नेव्हीत इंजिन रूमला होते, ते म्हणायचे या एका शब्दात सगळं इंजिनिअरिंग आलं बघ, शिडाची बोट वाऱ्यावर चालते, आगबोट आगीवर चालते, आणि बाकी जे काही आत भरलेलं असतं ती सगळी त्या आगीचा जोर पाण्यापर्यंत पोचवायची व्यवस्था. मॉरेटेनिया या जुन्या प्रवासी बोटीबद्दल वाचायला लागलो तेव्हा मामांचं हे बोलणं सारखं आठवत राहिलं, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

टायटॅनिक शाळेतल्या पोरांनाही माहीत असते, लुसिटानिया निदान ऐकलेली असते. मॉरेटेनिया बुडली नाही, आणि बुडली नाही म्हणूनच बहुतेक तिची गोष्ट कुणी सांगत बसत नाही. १९०७ साली ती इंग्लंड ते न्यूयॉर्क धावायला लागली, १९३४ पर्यंत धावली, आणि त्यातली २० वर्षं अटलांटिकवरची सगळ्यात वेगवान प्रवासी बोट तीच होती. पण मला त्याहून मोठी वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. तिनं स्वतःचा सगळ्यात चांगला वेग काढला तो वयाच्या बाविसाव्या वर्षी. मशीन नवीन असतं तेव्हा पळतं आणि जुनं झालं की कुरकुरतं असं आपण धरून चालतो, इथे नेमकं उलटं झालं. ते का झालं हे नीट कळायला आधी ती बोट बांधली का, हे बघावं लागतं.

१८९७ पासून अटलांटिकचा वेगाचा मान जर्मनांकडे गेला होता. कायझर विल्हेल्म देअर ग्रोसे, मग डॉइचलांड, मग कायझर विल्हेल्म दुसरा, एकापाठोपाठ एक चार धुराड्यांच्या बोटी, आणि ब्रिटिशांकडे त्यांना गाठेल असं काही नाही. त्यात १९०२ साली अमेरिकेतला बँकर जे. पी. मॉर्गन यानं व्हाइट स्टार लाइन ही मोठी ब्रिटिश कंपनी आपल्या गटात घेतली. आता ब्रिटिशांची दुसरी मोठी कंपनी उरली ती क्युनार्ड, आणि तीही गेली तर युद्धाच्या वेळी सैन्य न्यायला मोठ्या बोटी आणायच्या कुठून, ही ब्रिटिश सरकारची खरी काळजी होती. म्हणून १९०३ मध्ये करार झाला. सरकारनं क्युनार्डला २६ लाख पौंडांचं कर्ज दिलं, व्याज फक्त पावणेतीन टक्के, वर दरवर्षी दीड लाख पौंड अनुदान. त्याबदल्यात कंपनी ब्रिटिशच राहणार, २४ ते २५ नॉटनं पळतील अशा दोन बोटी बांधणार, आणि वेळ पडली तर त्यांच्यावर तोफा बसवून सरकार त्या वापरणार. त्यातली एक लुसिटानिया, स्कॉटलंडमध्ये क्लाइडबँकला जॉन ब्राउनच्या यार्डात बांधलेली, आणि दुसरी मॉरेटेनिया, इंग्लंडच्या ईशान्येला टाइन नदीवर वॉल्सेंडला स्वान हंटर अँड विगहम रिचर्डसनच्या यार्डात. दोन्ही नावं जुन्या रोमन प्रांतांची, डिझायनरही एकच, क्युनार्डचा लिओनार्ड पेस्केट.

आता नॉट म्हणजे काय ते सांगतो. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, आणि तासाला एक सागरी मैल म्हणजे एक नॉट. २५ नॉट म्हणजे तासाला साधारण ४६ किलोमीटर. रस्त्यावर हे काहीच नाही, स्कूटरसुद्धा पळते एवढी, पण इथे ७९० फूट लांबीची वस्तू, म्हणजे मुंबईच्या बारा डब्यांच्या लोकलपेक्षा जरा कमी लांब आणि ८८ फूट रुंद, पाणी फाडत रात्रंदिवस पाच दिवस त्या वेगानं न्यायची आहे. आणि पाणी सोडत नाही. बोट जेवढी जोरात जाते तेवढ्या मोठ्या लाटा ती स्वतःच तयार करते आणि इंजिनाची बरीच ताकद त्या लाटा उठवण्यात जाते. ढोबळ हिशोब असा की वेग जितक्या पट वाढवायचा त्याच्या घनाइतकी ताकद लागते. म्हणजे २३ नॉटवरून २६ नॉटवर जायचं तर वेग वाढला १३ टक्के, पण ताकद लागणार ४४-४५ टक्के जास्त. हा एक आकडा लक्षात ठेवला की या बोटींचं सगळं अर्थकारण उलगडतं, जर्मन बोटी तेवीस साडेतेवीसवर का थांबल्या, सरकारी पैशाशिवाय पंचविसाचं स्वप्न कुणी का बघत नव्हतं, सगळं.

त्या जर्मन बोटींची इंजिनं पिस्टनवाली होती. वाफ सिलिंडरमध्ये शिरते, पिस्टन ढकलते, पिस्टन वरखाली होतो आणि क्रँकमुळे ते वरखाली गोल फिरण्यात बदलतं. आता यात अडचण बघा, काही टन वजनाचा लोखंडी गोळा वर जातो, थांबतो, खाली येतो, थांबतो, परत वर, मिनिटाला ऐंशी ऐंशी वेळा, प्रत्येक वेळी त्याला थांबवायचं आणि परत पळवायचं. सगळं जहाज हादरतं, आणि ताकद वाढवायची म्हणजे गोळे अजून मोठे करायचे, मग हादरे अजून मोठे. कुठेतरी जाऊन हे संपणारच होतं.

चार्ल्स पार्सन्स या इंजिनिअरनं १८८४ साली वेगळी वाट काढली, वाफेचं टर्बाइन. पिस्टन नाहीच. एका लांब ड्रमवर हजारो छोटी पाती ओळीनं बसवलेली, भोवतीच्या कवचावर आतल्या बाजूनं तशाच स्थिर पात्यांच्या ओळी, आणि वाफ या दोन्हींच्या मधून वाट काढत जाते. प्रत्येक ओळीत थोडा दाब कमी होतो, वाफ थोडी पसरते, फिरत्या पात्यांना ढकलून पुढच्या ओळीत जाते. लहान मुलांच्या हातातलं भिरभिरं आठवा, फक्त एकामागे एक शेकडो भिरभिरी एकाच काडीवर लावलीयत आणि वारा पहिल्यातून शिरून शेवटच्यातून बाहेर पडेपर्यंत त्याचा जोर पुरता काढून घेतलाय. काही वरखाली नाही, थांबणं नाही, सगळं एकाच दिशेनं गोल.

हे जहाजावर चालेल का, हे दाखवायला पार्सन्सनं टर्बिनिया नावाची छोटी बोट बांधली. मागच्या वर्षी भाचीकडे न्यूकॅसलला गेलो होतो तेव्हा डिस्कव्हरी म्युझियममध्ये ती बघितली. आत शिरलं की ती समोरच उभी आहे, आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला तिची रुंदीच चकवते, लांबी १०३ फूट आणि रुंदी फक्त ९ फूट, आपल्याकडच्या शर्यतीच्या होडीसारखी निमुळती. पत्र्याच्या जोडांवरचे रिव्हेट अगदी जवळून दिसतात. मी अर्धा तास तिच्या बाजूनं नुसता फिरत होतो, भाची म्हणाली मामा चल आता, पण पाय निघत नव्हता.

या बोटीनं आधी पार्सन्सला बरंच दमवलं. टर्बाइन भन्नाट फिरत होतं पण बोट हवी तेवढी पळेना. कारण असं की बोटीला पुढे ढकलणारा पंखा, म्हणजे प्रोपेलर, पाण्यात फार जोरात फिरला की पात्याच्या मागच्या बाजूला दाब इतका पडतो की तिथलं पाणी चक्क उकळतं, थंड असूनही, आणि वाफेचे बुडबुडे तयार होतात. मग पंखा पाण्याला पकडायच्या ऐवजी त्या बुडबुड्यातच फिरत राहतो. याला कॅव्हिटेशन म्हणतात. पार्सन्सनं काचेची खिडकी असलेली छोटी टाकी बनवून हे डोळ्यांनी बघितलं, आणि मग पंखा फिरवणाऱ्या एका दांड्याच्या जागी तीन दांडे आणि प्रत्येकावर तीन असे नऊ पंखे बसवले. २६ जून १८९७ ला स्पिटहेडला राणी व्हिक्टोरियाच्या राज्याच्या साठाव्या वर्षानिमित्त आरमाराची मोठी पाहणी होती, तिथे सगळ्या युद्धनौकांच्या रांगांमधून टर्बिनिया सुसाट निघून गेली, आणि पाठलागाला सोडलेल्या आरमाराच्या बोटींना ती सापडली नाही. तिचा वेग ३४ नॉटपर्यंत गेला होता. आरमारानं जे बघायचं ते बघितलं.

पण १०३ फुटांची होडी वेगळी आणि ७९० फुटांची बोट वेगळी. क्युनार्डनं शहाणपणा केला, आधी दोन सारख्या बोटी घेतल्या, कॅरोनियाला पिस्टन इंजिन बसवलं आणि कार्मेनियाला टर्बाइन, आणि १९०५ मध्ये दोन्ही पळवून बघितल्या. कार्मेनिया जास्त वेगवान निघाली आणि तिच्यात हादरे कमी होते. मोठ्या दोन बोटींसाठी टर्बाइनचा निर्णय तोवर झालेला होता, तो बरोबर आहे याची खात्री पटली. एवढा मोठा जुगार खेळताना कुणीतरी लहान आकारातही करून बघितलं, या गोष्टीचं मला फार कौतुक वाटतं.

मॉरेटेनियाला चार पंखे आणि चार दांडे होते. बाहेरच्या दोन दांड्यांवर जास्त दाबाची टर्बाइनं, तिथून निघालेली वाफ आतल्या दोन दांड्यांवरच्या कमी दाबाच्या टर्बाइनांत. तोवर वाफ इतकी पसरलेली असते की ती मावायला कमी दाबाची टर्बाइनं अवाढव्य करावी लागतात. शिवाय टर्बाइन उलटं फिरत नाही, पिस्टन इंजिन उलटं फिरवता येतं पण पाती एकाच बाजूला वळलेली असल्यामुळे याला रिव्हर्सच नाही, म्हणून मागे जाण्यासाठी आतल्या दांड्यांवर वेगळी दोन टर्बाइनं बसवलेली, जी एरवी नुसतीच फिरत राहायची. आणि एक मोठी तडजोड केलेली होती. टर्बाइनला जोरात फिरायला आवडतं, पंख्याला सावकाश. आज मध्ये गिअर घालतात, तेव्हा एवढ्या ताकदीचे गिअर नव्हतेच, टर्बाइन थेट पंख्याच्या दांड्याला जोडलेलं. म्हणजे टर्बाइन त्याला हवं त्यापेक्षा हळू फिरतंय आणि पंखा त्याला हवं त्यापेक्षा जोरात, दोघांनीही थोडं थोडं सोडलंय. एवढं असूनही ७०,००० हॉर्सपॉवरच्या आसपास ताकद निघायची, जर्मन बोटींच्या दीडपटीहून जास्त.

ही वाफ यायची २५ बॉयलरमधून, आणि त्या बॉयलरांना मिळून १९२ भट्ट्या. पूर्ण वेगात दिवसाला साधारण १००० टन कोळसा जायचा. हा आकडा सगळीकडे लिहिलेला असतो आणि आपण वाचून पुढे जातो, मी जरा भागाकार करून बघितला. एका भट्टीला दिवसाला पाच टनांहून थोडा जास्त, म्हणजे तासाला दोनशेहून जास्त किलो, आणि एका माणसाकडे साधारण तीन भट्ट्या. चार तासांच्या पाळीत तो माणूस अडीच टनांच्या वर कोळसा फावड्यानं आत टाकायचा, मग आठ तास सुट्टी, मग परत चार तास. आणि नुसतं टाकणं नाही, कोळसा सगळीकडे सारखा पसरला पाहिजे, मध्ये ढीग झाला तर हवा लागत नाही, खळगा पडला तर गार हवा आत शिरून वाफ पडते. लांब सळई घालून जाळ उकरायचा, खाली जमलेली राखेची घट्ट ढेकळं फोडून बाहेर ओढायची, तीही लालभडक, आणि हे सगळं बोट डोलत असताना, समोर भट्टीचं उघडं तोंड आणि पाठीमागे लोखंडी भिंत. त्यांच्याही मागे दुसरी माणसं, कोठारातून हातगाड्यांनी कोळसा आणून देणारी. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर भट्टीवरच्या माणसाला आगवाला म्हणायचे, इंजिनाला तेल देणारा तो तेलवाला, आणि कोकणातून कितीतरी खलाशी त्या बोटींवर गेले. अटलांटिकवरच्या क्युनार्डच्या बोटींवर आगवाले बहुतेक लिव्हरपूलचे, त्यातले खूपसे आयरिश. वर पहिल्या वर्गात ओक आणि अक्रोडाचं कोरीवकाम, ॲल्युमिनियमच्या जाळीच्या लिफ्ट, आणि कितीतरी मजले खाली ही माणसं. मॉरेटेनियाचा विक्रम म्हणतो आपण, पण तिची पहिली तेरा-चौदा वर्षं तो विक्रम या माणसांनी फावड्या फावड्यानं पाण्यात ओतलाय, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांची नावंही कुणी लिहून ठेवली नाहीत. याचं मला खरंच वाईट वाटतं.

२० सप्टेंबर १९०६ ला बोट टाइन नदीत उतरली, तेव्हा जगातली सगळ्यात मोठी. ३१,९३८ ग्रॉस टन, आणि हे वजन नाही बरं का, आतल्या बंदिस्त जागेचं माप आहे. १६ नोव्हेंबर १९०७ च्या रात्री पावसात लिव्हरपूलहून ती पहिल्यांदा न्यूयॉर्कला निघाली, दोन हजारांवर प्रवासी नेता येतील एवढी जागा, त्यातली निम्म्याहून जास्त तिसऱ्या वर्गात, म्हणजे अमेरिकेत नशीब काढायला निघालेल्या गरीब कुटुंबांसाठी. त्या वर्षी अमेरिकेत बँका बुडत होत्या म्हणून बोटीत सोनंही भरलेलं होतं. सगळ्यांना वाटलं पहिल्याच फेरीत विक्रम होणार. वादळ लागलं, पुढच्या डेकवरचा जादा नांगर सुटून आदळायला लागला, तो बांधायला वेग कमी करावा लागला, आणि विक्रम काही झाला नाही. परतीच्या फेरीत मात्र तिनं पूर्वेकडे येण्याचा विक्रम केला.

इथे ब्लू रिबँडचा, म्हणजे अटलांटिक सगळ्यात वेगानं ओलांडणाऱ्या बोटीला मिळणाऱ्या मानाचा, नियम समजून घ्यायला हवा, कारण यात गोंधळ होतो. हा मान सरासरी वेगाला, किती दिवस लागले त्याला नाही, कारण प्रत्येक बोटीचा मार्ग सारखा नसतो. आणि खरा मान पश्चिमेकडे जाणाऱ्या फेरीला, कारण युरोपकडे येताना गल्फ स्ट्रीम हा समुद्राचा प्रवाह आणि वारे बहुतेक वेळा मागून ढकलतात, अमेरिकेकडे जाताना तेच समोरून येतात. तेव्हा मोजणी आयर्लंडच्या क्वीन्सटाउनजवळून, ज्याला आता कोव्ह म्हणतात, ते न्यूयॉर्क बंदराच्या बाहेरपर्यंत.

१९०८ मध्ये तिच्या एका पंख्याचं पातं तुटलं. वाईटातून चांगलं निघालं ते असं की तीन पात्यांच्या पंख्यांच्या जागी चार पात्यांचे पंखे बसवले गेले आणि फरक लगेच दिसला. सप्टेंबर १९०९ मध्ये ४ दिवस १० तास ५१ मिनिटांत तिनं अटलांटिक ओलांडला, सरासरी २६.०६ नॉट. पश्चिमेकडच्या फेरीचा हा आकडा १९२९ पर्यंत कुणीही मोडला नाही.

लुसिटानिया तिची जुळी, मग मॉरेटेनियाच थोडी पुढे का? तिच्या टर्बाइनमध्ये पात्यांच्या ओळी थोड्या जास्त होत्या, दोन यार्डांनी बांधताना काही बारीकसारीक फरक केले होते, आणि पंखे बदलल्याचा फायदा होताच. फरक म्हणाल तर नॉटचा काही भाग फक्त. दोघींच्या फोटोत ओळखायची खूण सोपी आहे, मॉरेटेनियाच्या डेकवर मोठमोठे भोंग्यासारखे हवा घेणारे नळ दिसतात, लुसिटानियावर ते तसे नाहीत. आणि दोघींना हादरे होतेच, टर्बाइनचे नव्हे तर जोरात फिरणाऱ्या पंख्यांचे, बोटीच्या मागच्या भागात, जिथे दुसऱ्या वर्गाचे प्रवासी असायचे.

२० वर्षं विक्रम टिकला याचं सगळं श्रेय बोटीलाच द्यायचं का, तर नाही, प्रामाणिकपणे सांगायचं तर बाकीच्यांनी शर्यतच सोडली होती. व्हाइट स्टारनं ठरवलं की वेगाच्या मागे लागायचं नाही, मोठं आणि आरामशीर बांधायचं, त्यातून ऑलिम्पिक आणि टायटॅनिक आल्या, एकवीस बावीस नॉटच्या. जर्मनांनीही इम्पेराटोर बांधली ती आकारासाठी. वर सांगितलेला घनाचा हिशोब सगळ्यांना कळत होता, शेवटच्या दोन तीन नॉटसाठी जळणारा कोळसा तिकिटातून भरून निघत नाही, मॉरेटेनियाला अनुदान होतं म्हणून निभत होतं. मग महायुद्ध आलं आणि जर्मनीच्या मोठ्या बोटीच काढून घेतल्या गेल्या. पण शर्यत सोडलेली असली तरी वर्षानुवर्षं त्या वेगानं टपाल आणि माणसं पोचवत राहणं हे काम सोपं होत नाही, आणि ते तिनं केलं.

युद्धात तोफा बसवून वापरायची योजना १९१४ मध्ये काही आठवड्यांतच बारगळली, कोळसा पुरवणार कोण, आणि शत्रूसाठी एवढं मोठं लक्ष्य समुद्रात फिरवायचं कशाला. ७ मे १९१५ ला आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ जर्मन पाणबुडी यू-२० नं लुसिटानियावर टॉर्पेडो मारला. १८ मिनिटांत बुडाली ती, सुमारे १,२०० माणसं गेली. सरकारच्या अटीमुळे कोळशाची कोठारं दोन्ही बाजूंनी लांबलचक ठेवलेली होती, लढाईत गोळ्यांपासून संरक्षण म्हणून, आणि टॉर्पेडोनं भोक पडल्यावर त्याच कोठारांत एका बाजूला पाणी भरून बोट कलली, तीही इतकी की एका बाजूच्या लाइफबोटी उतरवताच येईनात. मॉरेटेनियाची रचनाही तीच होती. आणि त्याच महिन्यात मॉरेटेनिया सैनिक घेऊन भूमध्य समुद्राकडे निघाली, तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या मोहिमेसाठी. तिच्यावरही टॉर्पेडो सुटला, कॅप्टननं पाण्यातली रेघ वेळेवर बघून बोट वळवली आणि तो थोडक्यात चुकला. वेग असला की असं वळणं साधतं, म्हणजे विक्रमासाठी केलेला खर्च इथे जीव वाचवायला कामी आला. पुढे ती हॉस्पिटल बोट झाली, पांढरी, हिरवा पट्टा, मोठे लाल क्रॉस. नंतर कॅनडाचे आणि १९१८ मध्ये अमेरिकेचे सैनिक तिनं आणले, आणि तेव्हा तिला चित्रविचित्र पट्ट्यापट्ट्यांचा रंग दिला होता. लोकांना वाटतं तो लपायला, पण एवढी मोठी बोट लपणार कुठे. पाणबुडीवाल्याला टॉर्पेडो मारायचा तर बोटीची दिशा आणि वेग ओळखून थोडं पुढे नेम धरावा लागतो, त्या तिरक्या पट्ट्यांमुळे बोट नेमकी कुठे वळतेय हेच कळत नाही, एवढाच उद्देश.

युद्धानंतर बोट थकलेली होती, वेग घसरला होता, आणि जुलै १९२१ मध्ये साउथँप्टनला तिच्यावर आग लागली. दुरुस्तीला काढलीच आहे तर क्युनार्डनं तिला परत टाइनवर पाठवलं आणि कोळसा काढून भट्ट्या तेलावर केल्या. मामांच्या भाषेत आग बदलली. तेलाचा जाळ नळानं कमीजास्त करता येतो, सगळ्या बॉयलरांत वाफ एकसारखी राहते, राख नाही, ढेकळं नाहीत, न्यूयॉर्कला पोचल्यावर हजारो टन कोळसा भरत दिवस घालवणं नाही. भट्टीवरचे शेकडो लोक मात्र कमी झाले. ते काम माणसानं करण्यासारखं नव्हतं हे खरं, पण ज्यांच्या घरी त्यावर चूल पेटत होती त्यांना ती नोकरी गेल्याचं काय वाटलं असेल, हेही मनात येतंच.

मार्च १९२२ मध्ये ती परत आली. त्यानंतर १९२३-२४ च्या हिवाळ्यात टर्बाइनं उघडून मोठी दुरुस्ती काढली, ती अर्धवट असताना साउथँप्टनला संप झाला, आणि उघडी इंजिनं पोटात घेऊन बोट ओढत फ्रान्समधल्या शेरबोर्गला न्यावी लागली, वाटेत वादळात ओढायचे दोर तुटले. टर्बाइनची हजारो पाती तपासून झिजलेली बदलून परत बसवणं म्हणजे काय काम असतं हे ज्यानं इंजिन रूम बघितलीय त्यालाच कळेल, पात्यांची टोकं आणि कवच यांच्यात फट इतकी बारीक असते की जरा चूक झाली की एकतर वाफ निसटते नाहीतर पाती घासून तुटतात. इथे तिच्या म्हाताऱ्या वयातल्या वेगाचं उत्तर आहे असं मला वाटतं. पंखे बदलले, जळण बदललं, टर्बाइनं उघडून निगुतीनं परत लावली, आणि मुख्य म्हणजे वर्षानुवर्षं तीच तीच माणसं तिच्यावर राहिली, तिला कधी किती वाफ द्यायची, कोणत्या समुद्रात किती ताणायची हे त्यांना पाठ झालं होतं. या काळात बरीच वर्षं तिचा कॅप्टन होता आर्थर रॉस्ट्रन, ज्यानं १९१२ साली कार्पेथिया घेऊन रात्रभर बर्फातून वाट काढत टायटॅनिकची माणसं उचलली होती.

जुलै १९२९ मध्ये जर्मनांची नवी ब्रेमेन आली. तिच्यात टर्बाइन आणि पंख्याच्या मध्ये गिअर होते, म्हणजे मॉरेटेनियाला जी तडजोड करावी लागली होती ती आता संपली होती, आणि पुढच्या टोकाला पाण्याखाली गोळा काढलेला, लाटा कमी उठाव्यात म्हणून. २७.८३ नॉट. विक्रम गेला. पुढच्याच महिन्यात मॉरेटेनियाच्या लोकांनी तिला पूर्ण ताणली, आणि बावीस वर्षांच्या त्या बोटीनं स्वतःचा जुना आकडा मागे टाकून २७ नॉटच्या पुढे मजल मारली. ब्रेमेनला गाठलं नाही. पण वीस वर्षांनी नव्या तंत्रानं बांधलेल्या बोटीच्या इतकं जवळ जाणं, मला तर हा विक्रमापेक्षा मोठा पराक्रम वाटतो.

मग दिवस फिरले. अमेरिकेनं १९२१ आणि १९२४ च्या कायद्यांनी बाहेरून येणाऱ्यांची संख्या बांधून टाकली होती, तिसरा वर्ग ओस पडला होता, १९२९ नंतर मंदी आली आणि पहिला वर्गही. तिला पांढरा रंग देऊन ऊन खायला निघालेल्या श्रीमंतांच्या क्रूझवर लावली. १९३४ मध्ये क्युनार्ड आणि व्हाइट स्टार एक झाल्या, आणि २६ सप्टेंबर १९३४ ला ती न्यूयॉर्कहून शेवटची निघाली, त्याच दिवशी क्लाइडबँकला कंपनीची नवी बोट क्वीन मेरी पाण्यात उतरली. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना ही बोट तोडणार हे सहन झालं नव्हतं, त्यांनी नंतर लिहिलं की प्रत्येक जहाजाला आत्मा असतो पण मॉरेटेनियाच्या आत्म्याशी बोलता यायचं.

मे १९३५ मध्ये आतलं सामान लिलावात गेलं, लाकडी नक्षीच्या भिंती, खुर्च्या, सगळं. ब्रिस्टलला पार्क स्ट्रीटवरच्या एका इमारतीत त्यातली नक्षी अजून आहे. १ जुलैला रिकामी बोट स्कॉटलंडमधल्या रोसाइथला तोडायला निघाली, आणि वाटेत टाइनच्या तोंडाशी थांबली. जिथे बांधली तिथली माणसं किनाऱ्यावर जमली होती, ज्यांनी रिव्हेट ठोकले ते, त्यांची मुलं. न्यूकॅसलचे लॉर्ड मेयर तिच्यावर चढले, आकाशात रॉकेट सोडले, आणि बोटीवरून निरोपाचा संदेश आला की २८ वर्षं तुमचं नाव राखायचा प्रयत्न केला, आता माझा दिवस संपला. मग ती पुढे गेली. फोर्थच्या पुलाखालून जाता यावं म्हणून तिच्या डोलकाठ्या आधीच कापलेल्या होत्या. ४ जुलैला जोरदार वाऱ्यात ती रोसाइथला लागली. तिला कुणी ओढून नेलं नाही, शेवटपर्यंत भट्ट्या पेटलेल्या होत्या आणि टर्बाइनं फिरत होती.